शेजारच्या घरातलं भांडण : बोलावं की गप्प बसावं?

जुलै २०२४ मधली गोष्ट. मेसमधलं जेवण आटपून आम्ही टीव्ही रूममध्ये बसलो होतो. बातम्या बांगलादेशाच्या. रस्त्यावर उतरलेले विद्यार्थी, पोलिसांचा गोळीबार, बंद पडलेलं इंटरनेट. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं, ही त्या देशाची अंतर्गत बाब आहे. झालं! माझा पेणचा रूम पार्टनर उसळला, "पोरं मरतायत आणि अंतर्गत बाब कसली रे?" मी रोह्याचा, म्हटलं, "उद्या आपल्याकडे आंदोलन झालं आणि बाहेरचं सरकार शिकवायला आलं, तर चालेल तुला?" रेक्टर सर लाइट बंद करायला आले तेव्हा कुठे वाद थांबला. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून हा लेख.

आधी नियम पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम २(७) सांगतं की, एखाद्या देशाच्या अंतर्गत अखत्यारीतल्या गोष्टीत या संघटनेने पडू नये. १९६१ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्यांना यजमान देशाच्या कारभारात ढवळाढवळ करता येत नाही. आपण चीनबरोबर १९५४ मध्ये केलेल्या पंचशील करारातही हेच तत्त्व आहे. पण दुसऱ्या बाजूला १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा आहे. जगण्याचा, सभा घेण्याचा आणि खऱ्याखुऱ्या निवडणुकांचा हक्क प्रत्येक माणसाला आहे, असं तो म्हणतो. म्हणजे दोघांच्याही हातात कागद आहे!

या वादाचं जवळचं उदाहरण आपल्याच दारावरून जातं. पेणवरून जाणारा मुंबई-गोवा हायवे जिथे गोव्यात शिरतो, त्या जागेचं नाव पत्रादेवी. १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्यासारखी माणसं सत्याग्रहासाठी गोव्यात शिरली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला हजारो निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून गेले. पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. वीसहून जास्त माणसं मेली, त्यातली काही या पत्रादेवीला.

पोर्तुगालचं म्हणणं काय होतं? १९५१ मध्येच त्यांनी घटना बदलून वसाहतींना 'सागरपारचे प्रांत' करून टाकलं होतं. म्हणजे गोवा हा आमचाच प्रांत, आमची अंतर्गत बाब, तुम्ही कोण विचारणार? डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्यांबरोबर काढलेल्या पत्रकातही गोव्यासाठी 'पोर्तुगीज प्रांत' हाच शब्द आला आणि भारतात संतापाची लाट उसळली. पुढे १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठरावच केला की, हे प्रांत नव्हेत, स्वराज्य नसलेले प्रदेश आहेत, आणि त्या यादीत गोवाही होता. तेव्हा जग बोललं म्हणून आपल्याला बरं वाटलं.

आता डिसेंबर २०२० आठवा. दिल्लीच्या सीमेवरच्या शेतकरी आंदोलनाबद्दल कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी काळजी व्यक्त केली. आपण त्यांच्या राजदूताला बोलावून कडक शब्दांत निषेध नोंदवला. १९५५ ला पोर्तुगाल जे म्हणत होता, तेच शब्द आता आपल्या तोंडी! अर्थात गुलामीतला गोवा आणि लोकशाहीतलं आंदोलन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण 'अंतर्गत बाब' हे शब्द उच्चारले की चर्चा संपली, असं नसतं एवढं तरी यातून कळतं.

मग सरकारने नेहमी ओरडूनच बोलावं का? तसंही नाही. गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे यांना १९५५ मध्ये पकडलं. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये, तेही पोपच्या मध्यस्थीने. म्हणजे जिथे सैन्य आणि भाषणं पोचली नाहीत, तिथे मधल्या माणसाचा शब्द पोचला.

शिवाय बोलण्याचं बिल दुसराच कोणीतरी भरतो. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात सुमारे १५,००० भारतीय होते, त्यात सुमारे ८,५०० विद्यार्थी. आपल्यासारखीच हॉस्टेलवरची पोरं! त्यांना सुखरूप आणायचं तर तिथल्याच सरकारची मदत लागणार. पेणचे गणपती समुद्रापार जातात, धाटाव एमआयडीसीतला माल जातो, आपल्या जिल्ह्यातली कितीतरी माणसं आखातात कामाला आहेत. दिल्लीच्या एका वाक्याचा धक्का या सगळ्यांपर्यंत पोचू शकतो.

पण गप्प बसणं फुकट असतं असंही समजू नका. जानेवारी २०२४ च्या बांगलादेशातल्या निवडणुकीवर तिथल्या मुख्य विरोधी पक्षाने बहिष्कार टाकला होता. निवडणूक मुक्त आणि न्याय्य नव्हती असं अमेरिका म्हणाली. आपण शेख हसीना यांचं अभिनंदन केलं. अभिनंदन हीसुद्धा टिप्पणीच की! ५ ऑगस्टला हसीना देश सोडून भारतात आल्या, आणि तिथल्या पोरांचा राग आपल्यावरही निघाला.

शेवटी रूम पार्टनर आणि मी तीन गोष्टींवर तह केला. एक, माणसं मारली जात असतील, तर 'गोळीबार थांबवा' एवढं जरूर म्हणावं. त्यासाठी कोणाची बाजू घ्यावी लागत नाही. दोन, कोण जिंकलं आणि राज्य कोणी करावं, हे तिथल्या मतदाराने ठरवावं. निकाल वादात असेल तर शिव्याही नकोत आणि घाईने हारतुरेही नकोत. तीन, माप एकच हवं. मित्रदेशाला एक आणि शत्रूला दुसरं, असं केलं की लोक म्हणणारच, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

तिसरी अट सगळ्यात अवघड, कारण ती पाळायची तर आपल्या घराबद्दल कोणी बोललं तरी आधी ऐकून घ्यावं लागतं. पार्टनरला ते पटलं. मला अजून पूर्ण पटलेलं नाही, पण वाद मीच हरलो असं वाटतंय!

असो. पुढच्या गोवा ट्रिपला हायवेने गेलात, तर पत्रादेवीला दोन मिनिटं गाडी थांबवा. तिथे हुतात्मा स्मारक आहे. ज्यांचं ते स्मारक आहे, त्यांच्या मरणालाही कोणीतरी 'अंतर्गत बाब'च म्हटलं होतं.