घरचं अन्न, घरचं बळ (भाग ९) : सातूचं पीठ

मार्च सरता सरता महागाव तालुक्यात हरभरा घरात आलेला असतो आणि गहूही सोंगून झालेला असतो. सातूच्या पिठाला मुख्य सामान लागतं ते हेच. म्हणून चैत्र-वैशाखात आपल्याकडे सातू दळला जातो आणि अक्षय्य तृतीयेला गुळाच्या पाण्यात कालवून पानात येतो. पण सण झाला की तो डबा फळीवर जातो, याचं मला वाईट वाटतं. सातूची खरी गरज त्यानंतरच असते. मे महिन्यात पऱ्हाट्या उपटायला भल्या सकाळी घराबाहेर पडणाऱ्या बाईला तो रोज मिळायला हवा.

करण्याची रीत बहुतेक घरांना ठाऊक आहे. गव्हाला पाण्याचा हात लावून काही तास झाकून ठेवायचं, हलकेच कांडून कोंडा पाखडायचा, उन्हात वाळवून मंद आचेवर खरपूस भाजायचं. डाळवं, म्हणजे सालं काढलेले फुटाणे, आधीच भाजलेले असतात. ते फक्त गरम करून घ्यायचे. वेलची किंवा सुंठ घालून सगळं एकत्र दळायचं. भाजताना मात्र घाई नको. दाणा आतून कच्चा राहिला तर पीठ चिकट लागतं आणि पोटही जड होतं. नीट भाजलेल्या दाण्यातलं पाणी उडून जातं, म्हणून पीठ टिकतं. हरभऱ्यात प्रथिनांच्या पचनात आडवे येणारे काही घटक असतात, तेही उष्णतेनं बरेच निकामी होतात. त्यामुळे शेताच्या बांधावर, चूल न पेटवता, हे पीठ पाण्यात कालवून खाता येतं.

आता त्यातल्या बळाचा हिशेब. १०० ग्रॅम डाळव्यात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात, गव्हात ११-१२. गव्हाच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, ते हरभऱ्यात भरपूर आहे. हरभऱ्यात मेथिओनिन कमी, ते गहू पुरवतो. दोन्ही समभाग घेतले तर ५० ग्रॅम पिठातून सुमारे ८ ग्रॅम प्रथिनं मिळतात. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे सहावा हिस्सा एका वाटीतच आला. पण पुष्कळ घरी गहू दुप्पट-तिप्पट आणि डाळवं नावाला असतं. प्रथिनं हवी असतील तर डाळव्यात हात आखडू नका.

लोहाचंही तसंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हरभऱ्यात लोह आहे, पण धान्य-कडधान्यातलं लोह शरीर सहज घेत नाही. सोबत क जीवनसत्त्व असलं तर जास्त शोषलं जातं. म्हणून सातूबरोबर लिंबू घ्या, किंवा कैरीची फोड खा. वर लगेच चहा नको, त्यानं लोहाचं शोषण घटतं. रक्तक्षयावर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र सातूच्या भरवशावर बंद करू नका.

गुळाबद्दल स्पष्टच सांगते. गूळ ही मुख्यतः साखरच. मधुमेह असेल तर बिहारी लोक पितात तसा खारा सातू करा: पाणी, मीठ, लिंबू, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, थोडं जिरं. उन्हात घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ त्यातून परत मिळतं. सातू ‘थंड’ म्हणतात, त्यातला मोठा वाटा या पाण्याचाच आहे. म्हणून तो पातळ करून प्यावा.

लहान लेकरांना कोरडं पीठ कधीच देऊ नका, ठसका लागून श्वास अडकू शकतो. उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा दुधात कालवून द्या. पीठ भाजलेलं असलं तरी पाणी अशुद्ध असेल तर जुलाब लागणारच. गव्हाची ॲलर्जी असलेल्यांनी नुसत्या डाळव्याचं पीठ करावं, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

पीठ पंधरा-वीस दिवस पुरेल एवढंच दळा, कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पावसाळा लागण्याआधी संपवा. यंदा अक्षय्य तृतीयेला सातू कराल तेव्हा दोन वाट्या जास्त दळा आणि त्या शेतावर जाणाऱ्या बाईच्या डब्यात घाला.