म्युनिक ते व्हिएन्ना, तुकड्यातुकड्यांनी

युरोप स्वस्तात : लेखांक ५

एसटीचं भाडं टप्प्यांवर ठरतं. हंगामी वाढ सोडली तर पुणे–साताऱ्याचं तिकीट आज काढा की आठ दिवस आधी, पैसे तेवढेच. हा हिशेब डोक्यात ठेवून युरोपातल्या लांब पल्ल्याच्या गाडीचं तिकीट काढायला बसलं की माणूस चक्रावतो. तिथे शेजारीशेजारी बसलेल्या दोघांच्या तिकिटांत चौपट फरक असू शकतो. स्वस्तवाल्यानं बरंच आधी काढलेलं असतं, आणि ‘मी याच गाडीनं जाईन’ असं कबूल केलेलं असतं.

सवलत मिळते ती या कबुलीची. जर्मन रेल्वेचं सर्वांत स्वस्त तिकीट ‘सुपर श्पारप्राइस’. ठरलेली गाडी सोडून दुसऱ्या गाडीत बसायचं नाही, रद्द केलं तर परतावा नाही. महागड्या ‘फ्लेक्सप्राइस’वर त्या दिवशीची त्या मार्गावरची कुठलीही गाडी चालते. जागेचं आरक्षण मात्र दोन्हींत धरलेलं नसतं! वेगवान आयसीईचं तिकीट हातात असूनही उभं राहावं लागू शकतं, हे आपल्याकडच्या मंडळींना पटता पटत नाही. एकटा विद्यार्थी दाराजवळ बॅगेवर बसून जाईल. आईवडील सोबत असतील तर आरक्षणाचे थोडे युरो वाचवू नयेत.

कबुलीतून सुटायची एक वाट आहे. मुक्कामी पोचायला वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं, की गाडीचं बंधन गळून पडतं आणि दुसरी गाडी घेता येते. अशी वेळ कमी येत नाही. २०२४ मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर ‘वेळेवर’ धरून.

आता म्युनिक–व्हिएन्ना. थेट रेलजेट चार तासांत पोचवते. महिनाभर आधी ठरलं असेल तर तिचंच तिकीट काढावं आणि हा लेख इथेच सोडावा. पण परवा निघायचं असेल आणि थेट तिकीट अंगावर येत असेल, तर प्रवास साल्झबुर्गला तोडून बघावा. साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असलं तरी जर्मनीची प्रादेशिक तिकिटं तिथल्या मुख्य स्टेशनापर्यंत चालतात. डॉइचलांडटिकेट चालतं; महिन्याला ४९ युरोंनी मे २०२३ मध्ये सुरू झालेलं, २०२५ मध्ये ५८ आणि २०२६ मध्ये ६३ युरोंवर गेलेलं. जर्मनीत शिकणाऱ्या मुलामुलींच्या खिशात बहुधा ते असतंच, म्हणजे हा तुकडा फुकट. घरचे पाहुणे आले असतील तर बायर्न-टिकेट बघावं. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर फिरता येतं, माणसामागे थोडी भर पडते, आणि कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या आधी ते चालत नाही. दोन्हींवर फक्त प्रादेशिक गाड्या. पावणेदोन-दोन तास लागतात, पण खिडकीतून कीमझे तळ्याच्या बाजूचा प्रदेश दिसतो; वेळ वाया गेला असं निदान मला वाटत नाही.

साल्झबुर्गहून पुढे व्हिएन्नापर्यंत दोन कंपन्या आहेत. ऑस्ट्रियाची सरकारी ओबीबी, आणि २०११ च्या डिसेंबरपासून धावणारी खासगी वेस्टबान. एकाच रुळांवर दोघी, त्यामुळे दोघींचे दर बघूनच तिकीट काढावं.

तुकडे करण्यात खोच आहे. वेगवेगळी काढलेली तिकिटं म्हणजे वेगवेगळे करार. म्युनिकची गाडी रखडली आणि पुढची ठरलेली गाडी सुटली, तर तिकीट बुडीत. पुढची कंपनी तुमचं काही देणं लागत नाही. म्हणून साल्झबुर्गला तासभर मोकळा ठेवावा. दोन युरो वाचवण्यासाठी बारा मिनिटांची बदली करणाऱ्यांची मला कीव येते.

बसचं थोडक्यात. रेल्वेला धक्का लागू नये म्हणून जर्मन कायद्यानं देशांतर्गत लांब पल्ल्याच्या बस कित्येक दशकं जवळजवळ अडवून धरल्या होत्या. १ जानेवारी २०१३ ला ती अडवणूक उठली आणि फ्लिक्सबसच्या हिरव्या गाड्या सगळीकडे दिसू लागल्या. बहुतेक गाड्या स्थानिक बसमालकांच्या. फ्लिक्सचं काम तिकीट विकणं आणि वेळापत्रक लावणं. म्युनिक–व्हिएन्नाला बस रेल्वेपेक्षा बरीच सावकाश जाते, पण ऐन वेळी सहसा स्वस्त पडते.

विमानाचा मोह या अंतराला नको. स्वस्त विमानांचा विमानतळ कुठे आहे, हे आधी नकाशावर बघायचं. पॅरिस म्हणून विकलं जाणारं बोव्हे शहरापासून ऐंशीएक किलोमीटर, फ्रँकफर्ट-हान तर सव्वाशेच्या घरात. शहरात शिरायच्या बसचे पैसे आणि मोठ्या बॅगेचे पैसे धरले, की जाहिरातीतला आकडा ओळखू येत नाही.

परतताना एक लक्षात ठेवायचं. शेंगेन असलं तरी ऑस्ट्रियाच्या सीमेवर जर्मनीनं २०१५ पासून तपासणी ठेवली आहे. साल्झबुर्ग सुटल्यावर लगेच फ्राइलासिंग लागतं, तिथे पोलीस डब्यात चढू शकतात. विद्यापीठाचं ओळखपत्र त्यांना चालत नाही. पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड, दोन्ही मूळचीच बरोबर हवीत.

(पुढच्या आठवड्यात : रात्रीच्या गाड्या)