जत्रेचा पाळणा आणि फाटकाचे तिकीट

आपल्या भागात कुटुंबासह मौजमजेला जाणे म्हणजे पूर्वी जत्रेला जाणे. भालकी तालुक्यातील खानापूरच्या मैलार मल्लण्णाची जत्रा असो, की कलबुर्गीच्या शरणबसवेश्वराची. आजोबा, आजी, लेकरे, सगळे घर निघे. जत्रेत शिरायला पैसे पडत नसत, आजही पडत नाहीत. पाळण्यात बसायचे तर पाळण्याचे पैसे, मौत का कुआँ पाहायचा तर त्याचे. आजीने काही केले नाही, नुसती देवळाच्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाहत राहिली, तर तिचा खर्च शून्य. आता मुलांच्या तोंडी जत्रेपेक्षा हैदराबादच्या वंडरलाचे आणि रामोजी फिल्म सिटीचे नाव जास्त असते. तिथे हिशोबाची रीतच उलटी आहे. पैसे फाटकावर द्यायचे आणि आत खेळ फुकट. हा बदल दिसायला लहान आहे, पण एकत्र कुटुंबाचे अंदाजपत्रक त्यावरच उभे राहते किंवा कोसळते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला यात अभ्यासाचा विषय दिसला, तर वाचकांनी नवल मानू नये.

अर्थशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड सुरू झाले, तेव्हा तिथे आपल्या जत्रेसारखीच पद्धत होती. प्रवेशाचे तिकीट वेगळे आणि प्रत्येक खेळाची चिठ्ठी वेगळी. वॉल्टर ओय या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली नेमक्या याच उदाहरणावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. मालकाने फाटकावर जास्त घ्यावे की खेळावर, हा त्याचा विषय. पुढे १९८२ मध्ये डिस्नेलँडने खेळांच्या चिठ्ठ्या बंद केल्या आणि एकच प्रवेशपत्र ठेवले. आपल्याकडची मोठी उद्याने साधारणपणे याच वाटेने गेली आहेत. मालकाला ही पद्धत सोयीची असते, धडधाकट तरुण गिऱ्हाइकालाही ती परवडते, कारण तो दिवसभरात वीस खेळ खेळून पैसे वसूल करतो. वसूल होत नाहीत ते आजी-आजोबांचे आणि लहानग्यांचे.

एक उदाहरण घेऊ. सात माणसांचे घर आहे. आजोबा वय ७२, आजी ६६, त्यांचा मुलगा आणि सून, नातू ९ वर्षांचा, नात ४ वर्षांची, आणि मुलांची आत्या, म्हणजे माझ्यासारखी कॉलेजात शिकणारी. दर सतत बदलतात, म्हणून रुपयांऐवजी प्रमाण घेऊ. मोठ्या माणसाचे तिकीट १०० धरा. वंडरलासारख्या ठिकाणी मुलांना, ज्येष्ठांना आणि ओळखपत्र दाखवणाऱ्या विद्यार्थ्यांना सवलत असते. समजा, मुलांना ८०, विद्यार्थिनीला ८० आणि ज्येष्ठांना ७५. बेरीज ५९० होते. त्यात आजी-आजोबांचे १५०, म्हणजे चौथ्या हिश्शाहून किंचित जास्त. आता ही दोघे आत गेल्यावर काय करतील? रक्तदाब, हृदयविकार, पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी बसू नये, अशी पाटी बहुतेक वेगवान खेळांपुढे असते. पाण्याच्या खेळांत सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनसारखे लागतात. म्हणजे नऊवारी तर सोडाच, सहावारीचाही प्रश्न मिटला. मग आजी एका बाकावर बसते आणि तिच्याभोवती सगळ्यांच्या पिशव्या, चपला, मोबाइल यांचा ढीग जमतो. हा जगातला सर्वांत महागडा राखणदार होय! सामान ठेवायची कुलपाची कपाटे आत भाड्याने मिळतात आणि त्यांचे भाडे आजीच्या तिकिटाच्या मानाने किरकोळ असते.

हा आकडा पाहिला की घरात एक प्रस्ताव हमखास येतो, आणि तो बहुधा आजीच मांडते: ‘मला काय करायचंय तिथं? तुम्ही जाऊन या, मी घर बघते.’ सगळे दोनदा आग्रह करतात आणि तिसऱ्यांदा गप्प बसतात, कारण मनात प्रत्येकाने १५० वजा केलेले असतात. माझे म्हणणे असे की ही वजाबाकी हिशोबातच चुकीची आहे. नातीला धरायला कोणी तरी लागते. बाप आणि आत्या नातवाला घेऊन रांगेत उभे राहिले की चार वर्षांच्या मुलीसाठी बाकावर बसावे लागते ते आईला. आजी घरी राहिली की तिची जागा सून घेते आणि आता १०० चे तिकीट वाया जाते. शिवाय गाडीचे भाडे कमी होत नाही. सात जणांसाठी क्रूझर ठरवली काय आणि पाच जणांसाठी ठरवली काय, भाडे तेच. आमच्या पुस्तकी भाषेत तो स्थिर खर्च आहे. मुक्कामाला दोन खोल्या घेतल्या तर त्याही तशाच. आजी-आजोबा आल्याने खरोखर वाढतो तो खर्च फक्त फाटकाचा आणि जेवणाचा. तेव्हा कापायचे तर माणूस कापू नये, ठिकाण बदलावे.

ठिकाण निवडताना मुलांची उंची आधी मोजावी. अनेक उद्यानांत मुलांचे तिकीट वयावर नसून उंचीवर ठरते आणि खेळात बसू द्यायचे की नाही, तेही उंचीवरच. वेगवान खेळांना बऱ्याचदा १३० ते १४० सेंटिमीटरची अट असते. नऊ वर्षांचे पोर साधारण १३० च्या आसपास, आणि चार वर्षांची मुलगी १०० च्या. ज्या खेळाची जाहिरात पाहून नातू महिनाभर हट्ट धरून बसला, त्याच खेळाच्या दारात त्याला पट्टीजवळ उभे करून परत पाठवले, तर तो दिवस गेला म्हणून समजा. घराच्या चौकटीवर खडूने रेघ मारायला पैसे पडत नाहीत. ती रेघ आणि उद्यानाची नियमावली समोरासमोर ठेवली की आपल्या सातजणांपैकी वंडरलाचा पुरेपूर उपयोग दोघेतिघेच करणार, हे निघण्याआधीच कळते. २०१६ साली सुरू झालेले हैदराबादचे वंडरला वाईट नाही. ते कॉलेजच्या सहलीचे ठिकाण आहे, तीन पिढ्यांचे नव्हे.

तीन पिढ्यांना माझ्या मते रामोजी फिल्म सिटी बरी. ती १९९६ सालची. विजयवाडा रस्त्यावर, शहराच्या पूर्वेला, सुमारे १६६६ एकरांवर पसरलेली, आणि जगातील सर्वांत मोठे चित्रपट-संकुल म्हणून गिनेस बुकात नोंदलेली. फाटकाचे तिकीट तिथेही आहे आणि ते स्वस्त नाही. पण तिथला मुख्य कार्यक्रम म्हणजे बसमध्ये बसून चित्रपटांचे देखावे पाहणे आणि खुर्चीवर बसून नाचगाण्याचे, करामतींचे खेळ पाहणे. यात आजोबांना गुडघे आड येत नाहीत. मुलांसाठी पाळणे आहेतच. १०० दिले आणि शंभराचा उपभोग घेतला, तर ते महाग म्हणता येत नाही. ७५ दिले आणि बाक राखला, तर ते महाग.

याहून कमी खर्चात भागवायचे असेल तर १९६३ पासूनचे नेहरू प्राणिसंग्रहालय आहे. तिथले तिकीट वरच्या दोन्ही ठिकाणांच्या मानाने अगदीच थोडे, आत लहान आगगाडीही आहे. मात्र सोमवारी ते बंद असते आणि नेमके सोमवारी पोचणारे लोक दर आठवड्याला असतात.

आता जायचे कसे? सीमेवर राहण्याची गंमत इथे कळते. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत स्त्रियांना राज्याच्या साध्या बसमधून प्रवास मोफत आहे. आमच्या उदाहरणातील घरात आजी, आई, आत्या अशा तिघी आहेत. परंतु बिदरहून हैदराबादला जाणारी बस राज्याबाहेर जाते, तिथे ही सवलत नाही. फुकट जायचे तर बेंगळुरूजवळच्या बिडदीचे वंडरला आहे, पण ते बिदरहून सातशे किलोमीटरच्या आसपास. साध्या बसमध्ये अख्खी रात्र बसून आजीचे जे हाल होतील, त्याची किंमत वहीत लिहिता येत नाही म्हणून ती शून्य धरायची, असा नियम नाही.

रेल्वेचे पाहू. ज्येष्ठांना पूर्वी पुरुषांना ४० आणि स्त्रियांना ५० टक्के सूट असे, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. पुष्कळ आजोबांना हे अजून खरे वाटत नाही आणि खिडकीवर वाद होतो. पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र जागा मागितली नाही तर तिकीट नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला आरक्षित जागा हवी तर एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडे. कलबुर्गीकरांना वाडी-तांडूर मार्गे सरळ गाडी आहे. बिदरकरांना विकाराबादवरून. बिदर-कलबुर्गी रेल्वे २०१७ साली सुरू झाल्यामुळे हुमनाबादकडच्या मंडळींनाही आता दोन वाटा मिळाल्या. एकटादुकटा असेल तर रेल्वे नक्कीच स्वस्त. पण सात जणांनी स्टेशनवर उतरून दोन रिक्षा करून शहराच्या पूर्व टोकाला फिल्म सिटी गाठायची, म्हणजे वाचलेले पैसे रिक्षावाल्याच्या हाती दिले. बिदरची वाट जहीराबादवरून पश्चिमेकडून शहरात शिरते. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर पाटणचेरूजवळ बाहेरचा वळणरस्ता धरता येतो. १५८ किलोमीटरचे हे कडे शहराला वळसा घालून फिल्म सिटीजवळ आणून सोडते. टोल द्यावा लागतो, पण कुकटपल्लीच्या गर्दीत अडकून लेकरे ओकत नाहीत. सात माणसे झाली की हिशोब गाडीच्या बाजूने झुकतो. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट मात्र करू नये. एक मुक्काम धरूनच आकडे मांडावेत.

तारखेचा प्रश्न याहून अवघड. शेतकऱ्याच्या घरात पैसा पंचांगाप्रमाणे येतो. मूग-उडीद-सोयाबीनचे पैसे दसऱ्याच्या आगेमागे, तुरीचे जानेवारीनंतर. शाळेची मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये, तेव्हा ऊन असे की आजोबांना घराबाहेर काढणे हाच गुन्हा. आमच्या मराठी शाळांनाही कर्नाटकाचे वेळापत्रक असल्यामुळे मधली सुट्टी दसऱ्याला मिळते, तर उदगीर-लातूरच्या मामाच्या मुलांना ती दिवाळीला. दोन्ही घरांनी मिळून गाडी करायची म्हटले तर तारीख जुळतच नाही. दसऱ्याला गेलो तर तेलंगणातही शाळांना सुट्टी, म्हणजे हैदराबाद ओसंडून वाहणार. गर्दीच्या दिवशी उद्यानांचे दरही चढे असतात. माझा कौल तुरीनंतरच्या जानेवारी-फेब्रुवारीला, संक्रांतीची गर्दी ओसरल्यावर, आठवड्याच्या मधल्या वारी. मुलांच्या शाळेतील दोन दिवस बुडतील. प्राध्यापक मंडळी क्षमा करोत.

जेवणाबद्दल थोडे. उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ बहुधा नेऊ देत नाहीत. धपाटे, शेंगाचटणी, दही असे सकाळी गाडीतच पोटभर खाऊन आत शिरावे आणि दुपारचे एकच जेवण आत घ्यावे. आजोबांना मधुमेह असेल तर गोळी आणि जेवण यांची वेळ खेळांच्या वेळापत्रकाआधी ठरवावी. औषधे आणि तान्ह्या मुलाचे अन्न यांबद्दल फाटकावर आधी विचारून घ्यावे. एकूण खर्चाचा दहावा हिस्सा वेगळ्या पाकिटात ठेवावा आणि त्याला परतीच्या वाटेवर जहीराबाद येईपर्यंत हात लावू नये.

करही विसरू नये. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा अशा उद्यानांच्या प्रवेशावर तो २८ टक्के होता, जानेवारी २०१८ मध्ये १८ वर आणला गेला. जाहिरातीतला दर करासह आहे की करावेगळा, हे पाहून मगच बेरीज मांडावी.

मराठीत आपण म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसरावे. कन्नडातही अगदी तेच: हासिगे इद्दष्टु कालु चाचु. दोन्ही भाषांनी अंथरुणाची लांबी सांगितली. त्यावर किती जणांनी निजायचे, ते घरावर सोडले. आमच्या भागातील सत्तरी ओलांडलेल्या आजोबांचा जन्म हैदराबाद राज्यातला आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बिदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आंध्रात, आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात आले. त्यांच्या वडिलांना कोर्टकचेरीसाठी जे शहर गाठावे लागे, ते आजोबांना पुन्हा पाहायचे असते. फिल्म सिटी हे त्यांच्या दृष्टीने निमित्त. म्हणून दुसऱ्या दिवसाची सकाळ त्यांच्या नावे लिहावी. चारमिनार फार लांब नाही आणि सालारजंग संग्रहालय, शुक्रवार सोडून, उघडे असते. तिथे एक मोठे घड्याळ आहे, त्यातून दर तासाला एक इवलासा माणूस बाहेर येऊन ठोके देतो. त्यासमोर बसायला जागा आहे. बारा वाजण्याच्या जरा आधी पोचावे, म्हणजे नातीला बारा ठोके मोजायला मिळतात.