रस्त्यांची मेरिट लिस्ट

गेल्या उन्हाळ्यात आई पुण्याहून आमच्याकडे केरीला आली होती. आमच्या वस्तीबाहेरच्या दोनपदरी रस्त्यावर संध्याकाळी गाड्यांची ही रांग लागते. सिग्नल तीनदा हिरवा होऊन गेला तरी डावीकडे वळणाऱ्यांचा नंबर लागत नाही. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "अरे, तुमच्या नगरसेवकाला सांगा की रस्ता रुंद करायला!"

मी म्हटलं, "आई, इथे रस्त्यांनाही परीक्षा द्यावी लागते." तिला वाटलं मी थट्टा करतोय. खरं सांगायचं तर इतकी वर्षं इथे राहून मलाही ही परीक्षा नीट ठाऊक नव्हती. आईच्या प्रश्नामुळे अभ्यासाला बसलो.

पहिला धक्का म्हणजे तो रस्ता केरीचा नाहीच. नॉर्थ कॅरोलायनात १९३१ पासून काउंटीचे रस्ते राज्याकडे आहेत. जवळपास ८०,००० मैलांचा पसारा राज्याचं वाहतूक खातं सांभाळतं. पैसा मर्यादित आणि मागण्या अमाप. मग आधी कोणाचा रस्ता?

पूर्वी राजकीय वजनाने रस्ते ठरतात अशी तक्रार असे. २०१३ साली राज्याने कायदा करून गुणांची पद्धत आणली. प्रकल्प सुचवायचे ते स्थानिक नियोजन मंडळांनी आणि राज्याच्या १४ वाहतूक विभागांनी, तेही ठरावीक संख्येतच. मग कोंडी किती, अपघात किती, मालवाहतूक किती, खर्चाच्या मानाने फायदा किती, यावर प्रत्येकाला शंभरपैकी गुण मिळतात.

आपल्या दहावी-बारावीच्या भाषेत सांगायचं तर याचे तीन गट आहेत. पहिला राज्यस्तरीय. आंतरराज्य महामार्गांसारखे मोठे रस्ते यात येतात आणि ४० टक्के पैसा यासाठी असतो. इथे सगळे गुण आकडेवारीचे, तोंडी परीक्षा नाही. दुसरा प्रादेशिक गट, ३० टक्के पैशांचा. यात ७० गुण आकडेवारीचे आणि ३० स्थानिक मताचे. तिसरा विभागीय गट, उरलेल्या ३० टक्क्यांचा. यात निम्मे गुण आकडेवारीचे, निम्मे स्थानिक मताचे. वरच्या गटात नापास झालेला प्रकल्प खालच्या गटात पुन्हा बसू शकतो.

यात एक न्यायाचा विचार आहे. प्रादेशिक पैसा लोकसंख्येप्रमाणे वाटतात, पण विभागीय पैसा १४ विभागांना सारखा. नाहीतर नुसती कोंडी मोजली असती तर रॅली आणि शार्लटनेच सगळं ताट ओढून घेतलं असतं आणि डोंगरातली छोटी गावं उपाशी राहिली असती. गैरसोयही आहे. पदपथ आणि सायकलमार्ग फक्त तिसऱ्या गटातच बसतात. भारतातून आलेले आपले आईवडील संध्याकाळी फिरायला निघतात आणि पदपथ मध्येच संपतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

पुलांची दुरुस्ती मात्र या शर्यतीत नाही. त्यांचे निकष निराळे आहेत, आणि ते योग्यच आहे. १९६७ साली वेस्ट व्हर्जिनियातला सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ जण गेले, त्यानंतर देशभर पुलांची नियमित तपासणी सुरू झाली, साधारणपणे दर दोन वर्षांनी. पृष्ठभाग, वरचा सांगाडा आणि खांब-पाया यांना शून्य ते नऊ असे गुण देतात. यांपैकी कशालाही चार किंवा कमी पडले की पूल 'खराब' गणला जातो. तरीही १ ऑगस्ट २००७ ला मिनिआपोलिसचा पूल पडला आणि १३ जीव गेले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटीच्या दोन बसगाड्यांसह वाहून गेला, ते आपण कोणीच विसरलेलो नाही. कागदावरचा गुण म्हणजे सुरक्षितता नव्हे. त्या गुणावर वेळेत काही केलं तर ती सुरक्षितता.

आणि गुण मिळाले म्हणजे रस्ता झाला असंही नाही. कार्यक्रम दहा वर्षांचा असतो आणि साधारण दर दोन वर्षांनी नवा होतो. २०२१ मध्ये तर आधीच कबूल केलेल्या कामांचाच खर्च इतका वाढला, की त्या फेरीत नवे प्रकल्प घेताच आले नाहीत.

मग आपण काय करायचं? ते 'स्थानिक मताचे' गुण लक्षात ठेवा. ते देण्याआधी नियोजन मंडळं यादी जाहीर करतात आणि लोकांचं म्हणणं मागवतात. मत द्यायला नागरिकत्व लागतं, अभिप्राय द्यायला नाही. एच-वन व्हिसावर असलेला, ग्रीनकार्डची वाट पाहणारा, सगळे लिहू शकतात. रोज त्या रस्त्यावर अडकणाऱ्यालाच ठाऊक असतं की शाळेची बस कुठे थांबते आणि कुठे काळजात धस्स होतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपण एवढं कुरकुरतो, त्यातल्या चार ओळी तिकडे पाठवल्या तर उपयोगी पडतील.

मी पाठवल्या. रस्ता अजून यादीबाहेरच आहे. आई दर रविवारी फोनवर विचारते, "लागला का निकाल?" मी सांगतो, "नाही गं, पुढच्या फेरीला परत बसवायचाय." ती म्हणते, "बसव. अभ्यास मात्र सोडू नकोस."