घराचा इसार देण्याआधी



ऊसबिलाचे पैसे खात्यावर पडू लागले की गट ऑफिसच्या ओसरीवर एक विषय हमखास निघतो. पूर्वी तो ट्रॅक्टरचा नाहीतर पाइपलाइनचा असे. आता तो घराचा असतो. पोरगं पुण्याला नोकरीला लागलं, दर महिन्याला भाडं भरून मेटाकुटीला आलं, तेव्हा एखादा फ्लॅट घेऊनच टाकू, असा विचार घरोघर चालू आहे. विचार वाईट नाही. 'घर पाहावे बांधून' असे जुनी माणसे म्हणत. आता बांधतो दुसराच आणि आपण नुसते पाहायला जातो. पण पाहायचे काय, हे ठाऊक नसले म्हणजे गडबड होते. आम्ही स्वतः ठेच खाल्लेली आहे, म्हणून लिहितो.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावालगत दोन गुंठे जागा आणि वर पत्र्याच्या दोन खोल्या, असे तयार घर आम्ही घेतले. स्टँपवर मजकूर, खाली नोटरीचा शिक्का, सोबत मुखत्यारपत्र. विकणारा ओळखीतला, तेव्हा शंका कशाची घेणार? पैसे मोजून दिले. पुढे तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) नाव लावायला गेलो, तर नोंद होत नाही असे उत्तर मिळाले. घर, जागा यांची शंभर रुपयांवरची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते, हे १९०८ सालच्या नोंदणी कायद्यातच आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नुसत्या मुखत्यारपत्रावर केलेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केलेले आहे. त्यात आमची जागा शेतजमिनीचा तुकडा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने अशा व्यवहारांना बंधन घातले. त्यात अलीकडे शिथिलता आली आहे, गुंठेवारी नियमित करण्याची तरतूदही आहे. पण ती आपल्या गट नंबरला लागू पडते का, हे पैसे देण्याआधी विचारायचे असते. आम्ही नंतर विचारले. त्या सातबाऱ्यावर आमचे नाव आजही नाही.

सातबारा आपल्या ओळखीचा कागद आहे, पण आपण वरची नावे वाचतो आणि 'इतर हक्क' हा रकाना सोडून देतो. इथंच घोडं पेंड खातं. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचे नाव, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळे तिथे असते. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विक्री करता येत नाही. नाव कसे लागले ते फेरफाराच्या नोंदी मागे मागे वाचत गेल्याशिवाय कळत नाही. शहरातल्या जागेला सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका असते. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो, सबब विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये. मात्र सातबारा हा महसुलाचा कागद आहे, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. त्यासाठी तीस वर्षांचे जुने दस्त वकिलाकडून तपासून शोध अहवाल घ्यावा लागतो. बँकेचा वकील तपासतो की, असे काहीजण म्हणतात. तो बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का ते पाहतो. आपला वकील वेगळा करावा.

वडिलोपार्जित जागा असेल तर विकणाऱ्याला बहिणी किती, हे विचारायला लाजू नये. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि त्यासाठी त्या साली वडील हयात असण्याची गरज नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. बहिणींच्या सह्या, नाहीतर नोंदणी झालेले हक्कसोडपत्र, यांपैकी काहीतरी हवे. 'त्या काय मागणार आहेत' या बोलण्यावर लाखो रुपये टाकू नयेत.

आता फ्लॅटकडे वळू. १ मे २०१७ पासून महारेरा सुरू झाले. जागा पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी आणि घरे आठाहून जास्त असतील अशा नव्या प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात किंवा विक्री करता येत नाही. नोंदणी क्रमांक घेऊन महारेराच्या संकेतस्थळावर गेले की मंजूर नकाशे, ताबा देण्याची तारीख, चालू खटले हे घरबसल्या दिसते. आपल्याला जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोराला बसवावे. नोंदलेल्या साठेखताआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. 'वीस टक्के आज द्या, दर वाढणार आहे' असे कोणी म्हणाले तर त्याला हा नियम सांगावा आणि तोंड पाहावे. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागावे. ते नसलेल्या इमारतीत पाणी, कर्ज, पुढची विक्री, सगळ्यात अडचण येते.

क्षेत्रफळाचा घोळ निराळाच. समजा, नऊशे फूट म्हणून ४५ लाख सांगितले. म्हणजे फुटाला ५,००० झाले. कागद काढला तर चटई क्षेत्र ६४० फूट निघते. बाकीचे जिना, लिफ्ट, भिंती. चटई क्षेत्रावर हिशेब केला तर दर ७,००० च्या वर जातो. दोन फ्लॅटांची तुलना चटई क्षेत्रावरच करावी.

याच ४५ लाखांच्या घराचा पुढचा हिशेब बारकाईने पाहू, कारण आपल्या माणसाचा पाय इथे घसरतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांवरच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, म्हणजे ३६ लाख. घरचे ९ लाख झाले. पुणे शहरात मुद्रांक शुल्क उपकरांसह ७ टक्के धरले तर ३ लाख १५ हजार, नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी वेगळा. सोसायटीची अनामत, वीजमीटर, वकील हे धरले की तेरा-चौदा लाख रोख पाहिजेत. ३६ लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ३२,४०० रुपये येतो. वर्षाला ३ लाख ८९ हजार.

हे उसात मोजू. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यावर एफआरपी टनाला ३,५५० रुपये होती. तोडणी-वाहतूक वजा न करताच जवळपास ११० टन ऊस नुसत्या हप्त्याला जातो. एकरी चाळीस टन धरले तर पावणेतीन एकर. आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला, तर आडसाली उसाचे पैसे दीड वर्षाने! तेव्हा हप्ता पोराच्या पगारातून निघत असेल तरच कर्ज घ्यावे. उसाच्या भरवशावर मासिक हप्ता बांधून घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ऊसबिल आले की त्यातून मुद्दलात भर टाकावी. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर लवकर फेडीचा दंड लागत नाही. वरच्या कर्जात दरवर्षी एक लाख जादा भरले तर ते वीसऐवजी साडेबारा वर्षांच्या आत फिटते.

जागा पाहायला एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसात जावे. मे महिन्यात टँकर किती येतात ते वॉचमन सांगतो, पावसात भिंतीच सांगतात. जुना फ्लॅट असेल तर सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला, भाग दाखला आणि जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, हे पाहावे.

राहता राहिले नाव. स्त्रीच्या एकटीच्या नावे घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून आहे. वरच्या घराला ती ४५ हजार होते. पण गावाकडची एकरभर जमीन विकून आई-बापाने पैसे दिले असतील, तर खरेदीखतात त्या दोघांचीही नावे घालावीत. पोरगं कितीही गुणाचं असलं, तरी हे आधीच बोलून घ्यावे. दस्त नोंदवण्याच्या दिवशी, ऑफिसच्या दारात उभे राहून हा विषय काढता येत नाही.