संगणकावरील लेखनाची मांडणी

घराण्याचा कुलवृत्तान्त किंवा मंडळाचा वार्षिक अहवाल स्वतः संगणकावर उतरविणारे गृहस्थ आतां बऱ्याच घरीं आढळतात. मजकूर लिहून होतो. पण मांडणीच्या वेळीं पुष्कळांचा धीर सुटतो. तीस प्रकरणांचे मथळे एकेक करून ठळक करावे, आणि कोणी 'अक्षर जरा लहान हवें होतें' असें म्हटलें कीं पुन्हां तीस वेळां तोच खटाटोप!

यावर 'स्टाइल' हा उपाय आहे. मुलांना उभें करावयाचें तर शिक्षक प्रत्येकाचें नांव घेत नाहीं. 'सातवीचा वर्ग, उभे राहा' म्हटलें कीं पुरे होतें. तसेंच येथें आहे. मथळा केवळ मोठा व ठळक न करतां त्याला 'हेडिंग १' ही स्टाइल द्यावी. मग त्या स्टाइलचा आकार एकदां बदलला कीं तिचे सारे मथळे बदलतात. शिवाय त्यांवरून पृष्ठांकांसह अनुक्रमणिकाही तयार करून घेतां येते. ही सोय नवी नव्हे. १९८३ सालीं निघालेल्या पहिल्या 'मायक्रोसॉफ्ट वर्ड'मध्येंही ती होती. विनामूल्य मिळणाऱ्या 'लिबरऑफिस रायटर'मध्यें एफ ११ ही कळ दाबली असतां स्टाइलची यादी समोर येते.

दुसरें साधन 'फाइंड अँड रिप्लेस', म्हणजे शोधणें व बदलणें. कंट्रोल व एच या कळा एकदम दाबल्या कीं तें या दोन्हींत उघडतें. येथें मात्र सावधपणा हवा. यंत्र अक्षरें ओळखतें, अर्थ ओळखत नाहीं. समजा, एका पूर्वजांचें नांव कोठें 'राम', कोठें 'रामचंद्र' असें पडलें आहे आणि सर्वत्र 'रामचंद्र' करावयाचें आहे. सरसकट बदल केला तर 'आराम'चा 'आरामचंद्र' होईल आणि मूळचे 'रामचंद्र' हे 'रामचंद्रचंद्र' होऊन बसतील! 'पूर्ण शब्दच शोधावा' अशी अट घातली, तर 'रामानें', 'रामास' हीं रूपें सुटतात. कारण मराठींत प्रत्यय शब्दाला जोडून येतो.

म्हणून आधीं मूळ मजकुराची एक प्रत निराळी राखावी, आणि नांवांचे बदल एकेक पाहूनच करावे. मथळा लहानमोठा झाला तर तो केव्हांही सुधारतां येतो. पण कुलवृत्तान्तांत छापलें गेलेलें चुकीचें नांव नातवंडें खरें मानून चालतात, आणि तें सुधारावयास जाणता माणूस तेव्हां घरांत असेलच असें नाहीं.