ग्रस्तोदित सूर्य कसा पाहावा?

सूर्य ग्रासलेलाच उगवला म्हणजे पंचांगात त्याला ‘ग्रस्तोदित’ म्हणतात. २२ जुलै २००९ रोजी मुंबईला तसाच योग होता. मात्र आषाढाच्या ढगांनी पुष्कळांची निराशा केली.

क्षितिजावरचा सूर्य तांबूस व सौम्य दिसतो, कारण त्याचे किरण हवेच्या जाड थरातून येतात. फसगत होते ती येथेच. डोळ्याच्या पडद्याला वेदना नसते; तो भाजला तरी त्या क्षणी कळत नाही. आम्ही वेल्डर बंधूंना नेहमी सांगतो : बुडालेली रोजी भांडून परत मिळेल, गेलेली नजर कोणत्याही तडजोडीत मिळणार नाही. त्यांची १४ नंबरची काच ग्रहणाला चालते. काजळी धरलेली काच किंवा एक्स-रेची फिल्म चालत नाही.

छायाचित्र घेताना सूर्यासाठीचा फिल्टर कॅमेऱ्याच्या भिंगापुढे बसवावा, डोळ्यापाशी नव्हे. सूर्य चढतो तसा प्रकाश झपाट्याने वाढतो, म्हणून दर थोड्या वेळाने एक्स्पोझर कमी करीत जावे.

यांतले काहीच नसेल, तर सूर्य जरा वर आल्यावर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडावे आणि सूर्याकडे पाठ करून कागदावर उमटलेली कोर साऱ्या चाळीने पाहावी. तिला पैसा लागत नाही.